पोळ्यातलं बैलापर्यंत काय पोचतं?

बैलाला तांबडा रंग आपल्यासारखा दिसत नाही. रंग ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या डोळ्यात तीन तऱ्हेच्या असतात, गाई-बैलांच्या डोळ्यात दोनच. निळं आणि पिवळं त्यांना वेगवेगळं कळतं. तांबड्या-हिरव्याचा भेद मात्र पुसट होतो. आणि पोळ्याच्या सकाळी शेतकरी सगळ्यात आधी डबा उघडतो तो हिंगुळाचा! लालभडक हिंगूळ शिंगाच्या बुंध्यापासून टोकापर्यंत चढतो. खिल्लार बैलाची शिंगं तर मागे झुकलेली असतात, स्वतःचं रंगवलेलं शिंग त्याला धड बघताही येत नाही. पोळा हा बैलाचे आभार मानण्याचा सण. मग रंग, गोंडे, वाजंत्री, पुरणपोळी या सगळ्यातलं त्याच्यापर्यंत नेमकं काय पोचतं? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की पोळा निराळाच दिसायला लागतो.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला पाबळसारखं दुसरं गाव सुचत नाही. शिरूर तालुक्याच्या पश्चिम अंगाचं हे गाव बहुतेकांना दोन कारणांनी माहीत असतं. एक, मस्तानीची कबर इथं आहे. दुसरं, डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईतली मोठ्या कंपनीतली संशोधकाची नोकरी सोडून इथं आले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. सह्याद्री ओलांडून आलेल्या ढगांकडे इथं पोचेपर्यंत फारसं काही उरलेलं नसतं. त्यामुळे पाऊस बेताचा, जमीन माळाची, पिकं बाजरी, ज्वारी आणि पाणी असेल तिथं कांदा. अशा रानात बैलाचं मोल काय असतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

या भागाचा पोळाही जरा वेगळा. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात श्रावणी अमावस्येला बैल सजतात. कोल्हापूर-सांगलीकडे त्याच्याही आधी बेंदूर होऊन जातो. पण पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत पोळा असतो भाद्रपदातल्या अमावस्येला. बाकी महाराष्ट्राचे बैल सजून, जेवून पुन्हा कामाला लागलेले असतात, तेव्हा इथं गोंडे-घुंगरांची खरेदी सुरू होते. गौरी-गणपती होऊन गेलेले, बाजरीची कणसं भरलेली, रब्बीच्या ज्वारीसाठी पाभर बाहेर काढायची वेळ जवळ आलेली. दोन हंगामांच्या मधल्या या फटीत बैलाचा दिवस बसलेला आहे. त्यात जुन्या रिवाजाप्रमाणे अमावस्येला औत धरत नाहीत, म्हणजे सुट्टी हक्काचीच.

एकच सण, तीन-तीन तारखा, आणि त्यावरून कुणाचं भांडण नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. कारण आभार मानायचा दिवस कोणता, यावरून एक अख्खा देश दुभंगल्याचं उदाहरण समोर आहे. अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंग असतो. सुगी झाल्यावर घरच्यांनी एका टेबलाभोवती जमायचं, आभार मानायचे, पोटभर जेवायचं. हा दिवस देशभर एकच असावा म्हणून सारा जोसेफा हेल नावाच्या बाईंनी वर्षानुवर्षं राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहिली. मेरी आणि तिच्या कोकराचं जे गाणं आपल्याकडची मुलं बालवाडीत शिकतात, ते लिहिणाऱ्या याच बाई. अखेर १८६३ साली, यादवी युद्ध पेटलेलं असताना, लिंकननी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. पुढे १९३९ साली रूझवेल्टनी हा सण एक आठवडा अलीकडे ओढला; नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत असा व्यापाऱ्यांचा आग्रह होता. तेव्हाच्या ४८ राज्यांपैकी २३ राज्यांनी नवा गुरुवार धरला, २२ जुन्यालाच चिकटून राहिली आणि उरलेल्या तिघांनी दोन्ही पाळले. १९४१ अखेर कायदा होऊन चौथा गुरुवार ठरला, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. आपल्याकडे कोल्हापूरच्या पाहुण्यानं बेंदूर करावा, भाद्रपदात पाबळला येऊन पुन्हा पोळाही जेवावा, त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

भाद्रपदी पोळ्याची आणखी एक गंमत आहे, आणि ती मला सगळ्यात खोल वाटते. भाद्रपदातली अमावस्या म्हणजे सर्वपित्री. पितृपक्षाचा शेवटचा दिवस. ज्यांची तिथी ठाऊक नाही, ज्यांचं करायचं राहून गेलं, त्या सगळ्यांचं पान त्या दिवशी वाढायचं. म्हणजे या पट्ट्यातल्या घरात एकाच दिवशी कावळ्यालाही घास जातो आणि बैलालाही. ज्यांनी ही जमीन वहितीखाली आणली ते आजे-पणजे, आणि ज्यांच्या खांद्यावर ती वाहिली गेली ते बैल, या दोघांचं देणं एकाच अमावस्येला फेडायला बसायचं. हे कुणी ठरवून केलं असेल असं नाही; पण जुळून आलं आहे मोठं सुंदर.

देणं किती, तेही एकदा मांडून बघू. लाकडी नांगराचं एक तास समजा जेमतेम वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर रुंद पडलं. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. भागाकार केला की कळतं, एक एकर नांगरायला बैलजोडीला वीस किलोमीटरहून जास्त चालावं लागतं. बांधावर वळायचं अंतर त्यात धरलेलंच नाही. साधारण पाबळहून निघून शिक्रापूर गाठण्याइतकं हे चालणं, तेही जमिनीत रुतलेलं लोखंड ओढत आणि ढेकळांतून. आणि हे नांगरटीच्या एका पाळीचं झालं. त्यानंतर कुळवाच्या पाळ्या, मग पेरणी, मग कोळपणी. नांगराच्या मुठीवर हात ठेवून मागून चालणारा माणूसही तेवढंच अंतर तोडतो, हे हिशेबात आलं की बैल आणि मालक यांचं नातं समजायला पुस्तक लागत नाही.

दुसरा हिशेब ताकदीचा. बैल आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका ओढा दिवसभर देऊ शकतो, असा शेती-अवजारांच्या शास्त्राचा ठोकताळा आहे. दोघांचं मिळून ८०० किलो वजन धरलं तर ओढा झाला ८० किलोचा, आणि चाल तासाला अडीच किलोमीटरची. गणित केलं की उत्तर येतं सुमारे साडेपाचशे वॅट, म्हणजे जेमतेम पाऊण अश्वशक्ती. आपल्या ओट्यावरच्या मिक्सरवर पाचशे किंवा साडेसातशे वॅट लिहिलेलं असतं. चटणी वाटणाऱ्या त्या यंत्राएवढ्या ताकदीवर दख्खनच्या पठारानं हजारो वर्षं पोट भरलं! किल्ल्यांवर धान्य चढलं ते याच ताकदीच्या जिवावर, आणि बाजार भरले तेही. मला हा आकडा पहिल्यांदा उमगला तेव्हा किती तरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं. इतकी थोडी ताकद, आणि इतकं काम. फरक पडतो तो फक्त न थांबता चालत राहण्यानं.

ही सगळी ताकद जिथून जमिनीत उतरते ती जागा म्हणजे खांदा. आपल्या देशी बैलाला वशिंड असतं. ते उंटाच्या मदारीसारखं निव्वळ चरबीचं नव्हे; त्यात मुख्यतः स्नायू असतो, आणि त्यावर चरबीचा थर. वशिंडाच्या पुढ्यात जू नेमकं टेकतं आणि मागे सरकत नाही. युरोपातल्या बैलांना वशिंड नाही, म्हणून तिथं कुठे शिंगांना जू बांधायची रीत पडली, कुठे गळ्यात वाकवलेल्या लाकडाचं कडं घालायची. आपल्याकडे नुसतं जू, दोन बाजूंच्या शिवळा आणि गळ्याखालून सापती एवढ्यावर भागलं. वशिंडवाले गाई-बैल सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी सिंधूच्या खोऱ्याकडे, मेहरगढच्या आसपास माणसाळले असं संशोधक सांगतात. तेव्हापासून बैलाचा खांदा आणि माणसाचं लाकूड यांची ओळख आहे. आणि जिथं लाकूड घासतं तिथं घट्टा पडतो.

म्हणून पोळा खरा सुरू होतो आदल्या संध्याकाळी, खांदेमळणीनं. वाजंत्री नाही, गर्दी नाही. पाबळच्या अंगाला अशाच एका वस्तीवर गोठ्यात मी हे जवळून पाहिलं आहे. औत सुटलेलं, बैल दावणीला, अंगणात चुलीवर पाण्याचं भगुणं. एका वाटीत लोण्यात कालवलेली हळद. सून घरातून ओरडली, “आबा, कढत नका घेऊ, कोमट घ्या.” आबा म्हणाले, “आधी माझा हात घालतो की त्यात. माझा पोळंल तर त्याचा पोळंल.” मग फडकं पिळून त्यांनी खांदा शेकायला सुरुवात केली. शेकून झाल्यावर हळद-लोणी घेऊन तळव्यानं गोल-गोल मळत राहिले. मला म्हणाले, “हात लावून बघा की.” लावला. वरची कातडी टणक, केस झडलेले, आणि त्या घट्ट्याखाली एकदम ऊब. दिवसभर जू वागवलेल्या जागेची ऊब.

आबांची नात बैलाच्या गळ्यात हात टाकून उभी होती. उद्याचं आवतण द्यायचं काम तिचं. टाचा उंचावून ती बैलाच्या कानाशी गेली आणि हळूच म्हणाली, “उद्या जेवायला यायचं बरं का. दोघांनीबी.” मग तिनं आजोबांना विचारलं, “आबा, त्याला कळलं?” आबांचा हात थांबला नाही. “कान बघ की त्याचं,” ते म्हणाले. बैलाचे दोन्ही कान सैल पडून बाजूला लोंबत होते आणि मान पुढे ताणली गेली होती.

आबांनी जे कानावरून ओळखलं, ते व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली मोजून दाखवलं आहे. त्यांनी दुभत्या गाईंना अंगाच्या वेगवेगळ्या जागी हातानं कुरवाळलं आणि त्या काय करतात त्याची नोंद ठेवली. छातीच्या बाजूला हात फिरवला तर फारसं काही होत नव्हतं. मानेखाली आणि पाठीच्या सुरुवातीच्या उंचवट्यावर फिरवला की गाई मान लांब करत आणि कान सैल सोडत. कळपात गाई एकमेकींना जिभेनं चाटतात त्या याच जागा. चाटणं ही त्यांची जवळीक दाखवायची रीत. ज्याच्याशी बरं जमतं त्याच्या मानेला, खांद्याला चाटायचं. आता गोठ्यातलं दृश्य आठवा. जिथं जू बसतं, जिथं हळद-लोणी मळलं जातं, ती नेमकी हीच जागा! गुरांच्या आपसातल्या मायेची जी जागा, तिथंच खांदेमळणीचा हात पडतो. कुणी संशोधन करून ही रीत बसवलेली नाही. पिढ्यान्पिढ्या बैलाच्या कानांकडे बघत बघत ती बसली असणार. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या संध्याकाळी मिळालं. पोळ्यातलं जे बैलापर्यंत नि:शंक पोचतं, ते हे.

दुसऱ्या दिवशीचा थाट आपल्यासाठी असतो, आणि त्यात काही गैर नाही. पहाटे बैल ओढ्यावर किंवा विहिरीच्या पाटावर धुवायला न्यायचे, पेंढ्याच्या बोळ्यानं घासायचे. मग शिंगं साळायची. शिंगाचं वरचं कवच नखासारख्याच पदार्थाचं असतं आणि नखाच्या टोकासारखंच निर्जीव, म्हणून बेताचं साळलं तर दुखत नाही. आतला भाग मात्र जिवंत. शिंगाच्या पोटात हाड असतं, त्यात रक्त खेळतं, आणि जनावर मोठं होतं तसतशी कपाळातली हवेची पोकळी त्या हाडात शिरते. म्हणजे शिंग ही डोक्याला खोचलेली काठी नाही, ती डोक्याचाच भाग आहे. बुंध्याशी मूठ धरून बघा, कोमट लागतं. म्हणूनच पशुवैद्य दरवर्षी सांगतात की शिंगाला ऑइल पेंट फासू नका, रॉकेलनं खरवडून जुना रंग काढू नका. आपल्याकडच्या बैलांमध्ये शिंगाचा कर्करोग आढळतो, आणि शिंगाला होणारा सततचा त्रास त्याला हातभार लावतो असं ते मानतात. गेरू आहे, हळद आहे, पाण्यात कालवायचे रंग आहेत. सजवायला एवढं पुष्कळ झालं.

अंगावरची चित्रकला हा तर मुलांचा प्रांत. पांढऱ्या खिल्लाराची पाठ म्हणजे कोरा कागद. कुणी बांगडी रंगात बुडवून ठसे उठवतं, कुणी पेल्याची कड, कुणी अर्धा कापलेला बटाटा. कुणाचा पंजाच उमटतो, आणि धाकट्याचा पंजा थोरल्याच्या पंजाच्या पोटात बसतो. एका बाजूला स्वस्तिक, दुसऱ्या बाजूला मालकाचं नाव, आणि बाजार पडलेला असेल त्या वर्षी मधोमध ठळक अक्षरांत कांद्याला भाव मागणारी ओळ. अंगावर मागणी मिरवत बैल गावातून जातो आणि पारावरचे लोक वाचून हसतात. मग चढतात झुली, बाशिंगं, घुंगरमाळा, कवड्यांच्या माळा, शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या. झेंडूच्या माळेचं आयुष्य फार नसतं. शेजारचा बैल ती ओढून केव्हा चघळायला लागतो ते मालकाला मिरवणुकीत कळतं, आणि सगळी आळी खदखदून हसते. हे हसू पोळ्याचा भागच आहे. एरवी ज्याला हाकलायचं, त्याची आज मिरवणूक, आणि माणसं त्याच्या मागून चालणार. आज जू लावायचं नाही, आसूड उगारायचा नाही.

नागपूरकडे या हसण्याला अख्खा एक दिवस दिलेला आहे. तिथं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, एकोणिसाव्या शतकापासून निघते आहे, आणि बरोबर बडगे असतात. लोकांना ज्याचा राग आलेला असतो त्या सगळ्याची टिंगल करणारे ते पुतळे. त्याच दिवशी तान्हा पोळा, लाकडी नंदीला दोरी बांधून ओढणाऱ्या पोरांचा.

जेवणाचं मात्र जपून. पुरणपोळी बैलाला आवडते यात शंका नाही, ताटाकडे मान कशी वळते ते बघितलं की कळतं. पण बैलाचं पोट आपल्या पोटासारखं नसतं. त्याच्या चार कप्प्यांतला पहिला कप्पा मोठ्या जनावरात शंभर लिटरच्या वर भरतो, आणि त्यात अगणित सूक्ष्मजीव राहतात. कडबा पचवतात ते हे जीव. बैल त्यांना चारा पुरवतो आणि दिवसातले सात-आठ तास रवंथ करून तो बारीक करून देतो. त्यात एकदम ढीगभर गूळ, डाळ आणि पोळी पडली तर भलत्याच जिवाणूंची चंगळ होते, आम्ल वाढतं, पोट फुगतं, जनावराच्या जिवावरही बेतू शकतं. म्हणून जाणता शेतकरी नैवेद्याचा घास देतो आणि गव्हाण हिरव्या चाऱ्यानं भरतो. घरातल्या बाईनं पायांवर पाणी घालून, कपाळाला कुंकू लावून भरवलेला तो घास, एवढा पुरे. खरी मेजवानी बैलाला हिरव्यागार वैरणीतच वाटत असणार.

अमेरिकेतल्या त्या सणाशी इथं एक फरक लख्ख दिसतो. तिथं त्या दिवसाचा प्राणी म्हणजे टर्की, आणि त्याची जागा ताटात. १९८९ पासून दरवर्षी राष्ट्राध्यक्ष टर्कीला मोठ्या थाटात अभय देतात, तो त्यांच्या सणातला हसायचा क्षण. न्यूयॉर्कला १९२४ साली सुरू झालेल्या मिरवणुकीत आधी प्राणिसंग्रहालयातली खरी जनावरं चालायची; १९२७ पासून त्यांची जागा हवेनं फुगवलेल्या अवाढव्य फुग्यांनी घेतली. पोळ्यात जनावर ताटाच्या अलीकडच्या बाजूला बसतं. पाहुणाच तो. त्याचं जेवण झाल्यावर घरच्यांची पंगत.

पण बैल घरात नसेल तर? मग मातीचा. कुंभाराकडून आणलेली मातीची जोडी पाटावर मांडून पूजा करणारी घरं आता गावातही वाढली आहेत, शहरात तर ती रीतच झाली. पाबळच्याच तालुक्यात ही रीत किती जुनी असू शकेल याचा एक थक्क करणारा पुरावा आहे. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, घोड नदीच्या काठी, इनामगाव. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी, १९६८ पासून पुढे सुमारे दीड दशक तिथं उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव वर आलं. त्यातल्या एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणाची पेटी सापडली. तिच्यासोबत बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि एक बैल. मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. मधून काडी घातली की देवी बैलावर स्वार होते! कुणीतरी ओल्या मातीला चार पाय ओढले, वशिंड चिमटलं, पाठीत काडी टोचून भोक पाडलं आणि ते सगळं घराच्या पोटात जपून पुरलं. त्यामागची श्रद्धा काय होती ते आज कोण सांगणार? पण मातीचा बैल करणारी बोटं ओळखीची वाटतात. शेजारच्या अहिल्यानगर (तेव्हाच्या नगर) जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली मिळालेली धातूची शिल्पं याहून डौलदार आहेत. दोन बैल जोडलेला रथ आणि त्यावर उभा हाक्या. तो रथ बघून मी भारावतो. इनामगावचा बैल मात्र हातात घ्यावासा वाटतो.

नांगरटीला आज पाबळच्या रानात ट्रॅक्टरच दिसतो. गोठ्यात बैल असलाच तर पुष्कळदा तो बैलगाड्यांच्या शर्यतीचा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, २०२१च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. या वर्षांमध्ये इथल्या गोठ्यांची घालमेल पोळ्याच्या दिवशी साफ कळायची. पण बैल कमी होत जाणार हे कलबाग सरांनी फार आधी ओळखलं होतं. दोन-चार एकरांच्या धन्याला जोडी वर्षभर पोसणं जड जातं, आणि मोठा ट्रॅक्टर परवडत नाही. म्हणून विज्ञान आश्रमात लहान शेतकऱ्यासाठी कमी अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर तयार झाला. नाव ठेवलं ‘मेकबुल’. यंत्राचा बैल! गावात राहून, गावच्याच मुलांच्या हातून वेल्डिंग करून घेत ज्यांनी हे यंत्र घडवलं, त्यांना बैलाचं नावच सुचावं, यात मला फार माया दिसते. 

या पट्ट्यात आता पोळ्याला ट्रॅक्टरलाही हार घालतात. बोनेटवर हळद-कुंकू, स्टिअरिंगला गोंडे. काही जुन्या लोकांना ते खटकतं. मला खटकत नाही, राबणाऱ्याला ओवाळायची सवय टिकली याचं बरंच वाटतं. फक्त खांदेमळणीला तिथं जागा नाही. ट्रॅक्टरला घट्टा पडत नाही. ज्या घरात बैल उरलेत तिथं म्हणून ती संध्याकाळ आवर्जून बघावी असं मी प्रत्येकाला सांगतो, मुलं बरोबर असतील तर नक्कीच.

भाद्रपदी अमावस्या सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कधीही येते. कॅलेंडरवर ‘सर्वपित्री’ शोधा आणि एक दिवस आधी या. मिरवणूक दुपारनंतर असते, पण तुम्ही आदल्या दिवशी ऊन उतरायच्या सुमाराला वस्तीवर पोचलेलं बरं. गोठ्यात शिरण्याआधी मालकाला विचारा. फटाके, भोंगे आणू नका. बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त थेट मागचं दिसत नाही. तेव्हा मागून जाऊ नका, बाजूनं, त्याच्या नजरेत राहून, बोलत बोलत जा. मालकानं हात लावू दिला तर कपाळावर थोपटू नका, बऱ्याच जनावरांना ते आवडत नाही. मानेखालच्या पोळीपासून सुरुवात करा, सावकाश खांद्याकडे या, आणि कानांवर लक्ष ठेवा.